दोघांपुरता

राजारामपुरीत सातव्या गल्लीतला दुकानदार
म्हणाला, "टू पर्सन आहे, काकू."
मी म्हटलं, कुठली दोन?

ह्यांनी पिशवी तळव्यावर घेतली.
मार्केट यार्डात तीस वर्षं गूळ हातानं जोखलेला माणूस.
"दोन किलोला दीडशे ग्रॅम कमी."
काट्यावर तेवढंच भरलं.

हलका होता, पण पुरायचा कसा?
चपला काढून मी त्या निळ्या पोटात शिरले,
फरशीवर आडवी झाले.
"या की आत."
ह्यांचं टक्कल कापडाला टेकलं,
माझं कोपर बरगडीत.
घरी मध्ये आश्लेषाची उशी असते.
ती नांदायला जाऊन चार वर्षं झाली.

दुसरा उभारला. ऐसपैस.
दोन्ही अंगांना दारं,
रात्री उठलं तर कुणी कुणाला ओलांडायला नको.
चारशे ग्रॅम जड.
"म्हणजे किती हो?"
"आपल्या डब्यातला गूळ. संकष्टीपर्यंत पुरतो तेवढा."
मग म्हणाले, "मसाई पठारापर्यंत मी घेतो की."

झोपून बघितलं,
तर मध्ये वीतभर जागा उरत होती.
दोघंही छताकडं बघत राहिलो.
बाहेर पोरगा खुंट्या मोजत होता,
एक कमी भरत होती.