झाकण मिटल्यावर

पडद्याची काच ओजसच्या बॅटने गेली.
दुरुस्तीला अकरा हजार.
लॅमिंग्टन रोडचे अन्सारी म्हणाले,
ताई, मेंदू शाबूत आहे, फक्त तोंड गेलंय,
आणि पस्तीसशेत एक जुना मॉनिटर
चादरीत गुंडाळून हातात दिला.
पाठीवर अजून बिल्ला :
कुठल्याशा बुडालेल्या पतपेढीची मालमत्ता, क्रमांक एकशे बारा.
कन्नमवार नगरपर्यंत मांडीवर धरून आणला.
टॅक्सीचे पैसे वेगळे.

रात्री सेटिंगात शिरले.
झाकण मिटल्यावर काय करावं, असा प्रश्न होता.
झोपावं. गाढ झोपावं. बंद व्हावं.
शेवटचा पर्याय : काहीच करू नये.
तोच निवडला.
काहीच न करणं म्हणजे चालू राहणं,
हे मला कुणी समजावायला लागलं नाही.

तेव्हापासून तो शिलाई मशीनवर मिटून पडलेला.
खाली बाटल्यांची चार बुचं, वारा लागावा म्हणून.
हात ठेवला तर
ताप उतरत असलेल्या पोराच्या कपाळाइतका गरम.
सासूबाई येतात, बघतात,
मिटलाय ना? मग एवढी गवार मोड.
समोर चोवीस इंचांत ठोकलेल्या गाड्या :
साकीनाक्याला चेपलेलं दार,
ऐरोली पुलावर फुटलेला दिवा.
कुठल्या पोच्याचे किती, ते मी ठरवते
आणि शिरा काढते.

सोमवारी दस्तूर सर म्हणतात, कॅमेरा लावा.
सर, कॅमेरा झाकणात आहे.
म्हणजे?
म्हणजे आत आहे, सर.
आत, अंधारात, जिथे माझी मनगटं टेकायची
त्यांच्या मधोमध डोळा लावून.
त्यांच्याकडे मी एक करडं वर्तुळ,
वर्तुळात एच.
वर्तुळाला केस विंचरावे लागत नाहीत.
वर्तुळामागे दोरीवर कुणाच्या बनियनी
ते दिसत नाही.

काल भर मीटिंगमध्ये कुणीतरी इस्त्री लावली,
चार्जरची पिन निसटली
आणि सगळं गेलं.
पिन खोचली, माउस हलवला, काही नाही.
मग आठ महिन्यांनी झाकण उघडलं.
काचेवर आतल्या बटणांचे तेलकट ठसे,
ओळीने, चाळीच्या खिडक्यांसारखे.
माझाच एक केस, लांब, जुना.
तडा कोपऱ्यापर्यंत पोचलेला,
पण डावीकडे तळहाताएवढा तुकडा जिवंत होता
आणि वर एक हिरवा ठिपका लागला.

अरे, हर्षला!
मेल्विनचा आवाज.
केस कापलेस?
मार्चमध्ये, म्हटलं.
कुणीच पुढे बोललं नाही.
दस्तूर सरही चष्मा काढून बघत होते,
मला की बनियनींना, कोण जाणे.

मी हळूच मिटवलं.
खिडक्या एकेक करत मोठ्या पडद्यावर परतल्या,
दार, दिवा,
करडं वर्तुळ.
बुचं सरळ केली.
गवार अर्धी राहिली होती.