सरदाब

बद्रिया मॅडमनी तीन डब्या मागवल्या होत्या,
काळ्या, झाकणबंद, बुद्धिबळातल्या प्याद्याएवढ्या.
एक दिवाणियात, एक मुलांच्या खोलीत,
एक स्वतःच्या उशाशी.
पार्सलमधून चौथी जादा आली.
ती मी खिशात टाकली
आणि जिना उतरलो.

खाली सरदाब.
कुवेतमधल्या या घराला जमिनीखालीही एक मजला आहे.
तिथे तळणाचं स्वयंपाकघर, इस्त्रीचं टेबल
आणि पडद्याआड जुलेखाबी परकार यांची खाट.
अकरा वर्षं.
घड्याळाच्या खिळ्याला डबी अडकवली तेव्हा म्हणाल्या,
"ह्यां काय? कॅमेरा?"
म्हटलं, नाही. जमिनीची नाडी बघतोय.
"जमिनीला कसली नाडी, तांडेल?
तू एसीचा मिस्त्री, एसी बघ."

कसं सांगायचं.
मातीत, खडीत युरेनियम असतं, चिमूटभरसुद्धा नाही,
ते झिजत झिजत रेडियम होतं,
रेडियमचा रेडॉन.
वास नाही, रंग नाही, कुणाशी सोयरीक नाही.
फरशीच्या भेगेतून, गटाराच्या पाइपाभोवतीच्या फटीतून
वर येतो, जेमतेम चार दिवसांत निम्मा संपतो.
मागे राहतात त्या त्याच्या मुली,
पुस्तकातही त्यांना मुलीच म्हणतात,
पोलोनियम, शिसं, बिस्मथ.
त्या धुळीला चिकटतात, धूळ श्वासाबरोबर जाते,
आणि छातीत मुक्काम करते.

आणि मी काय केलं होतं?
तोझ उठला, म्हणजे वाळूचं वादळ,
की खिडक्यांच्या फटी टेपने मीच बुजवायचो.
दिसणारी धूळ बाहेर ठेवली.
तळणाचा वास दिवाणियात चढू नये
म्हणून मोठा एक्झॉस्टही मीच बसवला.
बाहेरून हवेला वाट नाही,
पंखा तर ओढणारच. कुठून ओढणार?
जुलेखाबी समोसे तळायच्या
आणि घर भुईतून श्वास घ्यायचं.

नव्वद दिवस. रमजान त्यातच गेला.
डबीच्या आत नखाएवढं प्लास्टिक असतं,
फुटणारा अणू त्यावर ओरखडा काढतो,
प्रयोगशाळेत कुणीतरी ते ओरखडे मोजत बसतं.
वर: एकतीस, अठ्ठावीस, छत्तीस.
खाली चारशे बारा.
म्हणजे मीटरभर लांब, रुंद, उंच हवेत
दर सेकंदाला चारशे बारा अणू फुटतात,
खाटेवर, वाळत घातलेल्या ओढणीवर,
मोबाइलमधल्या नातीच्या तोंडासमोर.

मॅडमनी कागद दोनदा वाचला.
"चौथी मी सांगितली नव्हती."
मी गप्प.
मग चष्मा काढला आणि विचारलं, खर्च किती?

फरशीला चार इंचाचं भोक पाडलं,
खालची खडी दोन बादल्या उपसली,
पोकळीत पाइप उभा केला, भिंतीच्या कडेने थेट गच्चीपार,
वर पंखा, चोवीस तास चालणारा.
जमिनीला म्हटलं, तुला जे सोडायचं ते इथून सोड, आभाळात.
भेगा भरल्या. एक्झॉस्टच्या समोर
ताज्या हवेला जाळीची खिडकी दिली.
पुन्हा डबी, पुन्हा नव्वद दिवस.
सत्तेचाळीस.

धावत सांगायला गेलो.
जुलेखाबी तांदूळ निवडत होत्या.
"आणि मागली अकरा वर्षां?"

त्याची डबी मिळत नाही.
म्हटलं, डॉक्टरला दाखवू. सिगरेट नाही ना ओढत?
"मी? चूल फुंकली तेवढी."
खडा बाजूला काढला, अजून एक काढला.
"तो तुझा पाइप रात्रभर गुणगुणतो रे.
झोप लागत नाय."
रबराचे वायसर लावून देतो म्हटलं.

त्या रात्री जलीबला, तळमजल्यावरच्या सहा खाटांच्या खोलीत,
माझ्या खाटेखालची भेग मी पहिल्यांदा बोटाने चाचपली.
कोपऱ्यातून निघते, दाराखालून जाते.
खिडकीवर टेप. माझीच, दुहेरी.
ती खरवडली तसा बिपिन पांघरुणातून ओरडला,
"धूळ येतेय, बंद कर!"
येतेय, म्हटलं.
दोन बोटं उघडी ठेवली.