एकतिसावा तक्ता

फेब्रुवारी. फ्लोरिडा, सेंट पीटर्सबर्ग.
हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर लांबलचक टेबल,
गालिच्यात कालच्या कुणाच्या तरी लग्नातली चमकी अडकलेली.
टेबलाच्या एका बाजूला आमचा क्लब,
दुसऱ्या बाजूला आमचाच पिचर:
ऑरिन टॅकेट, डावखुरा, वय तीस,
वेस्ट व्हर्जिनियातल्या कुठल्याशा खाणगावचा.
सूट बहुधा मेहुण्याचा,
खांद्यात ढगळ, मनगटाशी आखूड.

त्याने मागितले एकोणीस लाख डॉलर.
आम्ही म्हणालो, पंधरा.
मधला आकडा इथे नसतो.
तीन लवाद ऐकून घेतात आणि दोनातला एक उचलतात.
मंडईत निदान घासाघीस तरी करता येते.

खाली लॉबीत कॅमेरे होते, ते प्रुइटसाठी.
प्रुइट आज नुसता जेवायला येणार होता.
त्याचं कोपर कसं आहे,
त्याने दाढी का ठेवली,
यावर आठवडाभर चर्चा चाललेली.

ऑरिनचं काम सुरू होतं सातव्या इनिंगमध्ये,
पंगत उठल्यावर, उष्टी काढायला.
दुसऱ्याने चढवून ठेवलेले दोघे बेसवर,
आणि फोन वाजतो: टॅकेट, हात मोकळा कर.
ते दोघे घरी पोचले तर धावा त्या दुसऱ्याच्या नावावर.
नाही पोचले
तर पेपरातल्या कोष्टकात
त्यासाठी रकानाच नाही.

नियम असा, की वर्तमानपत्रातलं कौतुक
पुरावा म्हणून चालत नाही.
त्याच्या वकिलाची काही अडचण झाली नाही.
कात्रण एकच होतं,
आणि त्यात टॅकेटचा हॅकेट झालेला.

एकतिसावा तक्ता माझा.
ऑगस्टमध्ये, विसाव्या चेंडूनंतर, वेग उतरतो:
लाल रेघ, जिना उतरावा तशी.
खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.
फक्त प्रुइटचं कोपर जपायचं म्हणून
ऑरिनला त्या महिन्यात सहा दिवसांत पाचदा उठवलं,
एवढंच लिहायचं राहिलं.
समास पुरला नाही.

माझे आप्पा इचलकरंजीत शाळेच्या मैदानावर
स्कोअर लिहायचे, बिनपैशाचे.
निर्धाव चेंडूचा ठिपकासुद्धा
पेन्सिल टेकवून, जरा थांबून.
टाकलाय ना त्याने, म्हणायचे, मग दिसू दे.
हे मला तेव्हा, त्या टेबलाशी, आठवलं नाही.
तेव्हा मी बघत होते, रेघेचा लाल
पडद्यावर पुरेसा लाल दिसतोय का.

आमचा वकील तासभर बोलला, सभ्यपणे.
ऑरिन स्वतःबद्दल ऐकत राहिला,
डॉक्टरकडे दुसऱ्याचा रिपोर्ट ऐकावा तसा.

मग लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.
"एकतीस नंबर तुमचा?"
मी मान हलवली.
"चौदा ऑगस्ट, मिलवॉकी. तुम्ही तेवीस चेंडू लिहिलेत.
मी चोवीस टाकले."
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
दार उघडलं. सगळे कॅमेरे वर झाले,
तो आहे हे बघून खाली आले.

दुसऱ्या दिवशी निकाल: पंधरा.
प्रुइटच्या फोटोखाली तीन ओळींची बातमी.
या वेळी नाव बरोबर छापलं होतं.

त्या रात्री मी मिलवॉकीचं चित्रण काढून बसले.
तेवीस. पुन्हा तेवीस.
तिसऱ्यांदा सापडला:
बॅटरने शेवटच्या क्षणी हात वर केला,
अंपायरने खेळ थांबवला,
पण तोवर ऑरिनचा हात फिरून गेला होता.
नियमाने तो चेंडू झालाच नाही.
त्याचा वेग कुठे नोंदलेला नाही.

बाहेरच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीला.
बॅटर खाली वाकून बुटाची नाडी बांधतोय,
अंपायर दुसरीकडे बघतोय,
आणि कॅचरने ग्लोव्ह
जिथे चेंडू आला तिथेच
अजून धरून ठेवलाय.