एकशे बारा ग्रॅम

चूल तोलली ती माझ्याच स्वयंपाकघरात,
पीठ मोजायच्या काट्यावर.
एकशे बारा ग्रॅम, ओइवा म्हणाला,
नुकत्या झालेल्या बाळाचं वजन सांगावं तसा.

डबा माझा होता.
शाळेत गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं;
तीस वर्षं मी ते ढवळलं
आणि रिकामे डबे त्याच्या गॅरेजात पोचवत राहिले.
त्याने खाली बारा भोकं पाडली, वर सोळा,
सायकलच्या आऱ्यांचे पाय लावले, दुमडणारे.
चूल मगात बसते, मग टोपात,
टोप टोपीत,
आणि टोपी, तो म्हणतो, तशीही डोक्यावरच असते.

कानशीचा सुरा. बर्चच्या गाठीची मूठ.
करवतीची नुसती पात, पट्ट्यासारखी गुंडाळलेली,
दांडा रानात मिळेल तो.
छपराला माझ्या न्हाणीघराचा जुना पडदा,
त्यावरची बदकं अजून पोहताहेत.
दात घासायचा ब्रश अर्धा कापलेला.

"अर्ध्या ब्रशने किती वाचलं?"
"सहा ग्रॅम."
"आणि खिशात हे सॉसेज एवढं थोरलं?"
सॉसेज तोलायचं नसतं.

सप्टेंबर. कुहमोच्या पुढे
जिथे बस वळते तिथे उतरलो.
ड्रायव्हर वाकून बघू लागला, सामान कुठाय तुमचं?
ओइवाची छाती अशी फुगली
की मला वाटलं, शर्टाचं बटण जाणार,
आणि तेही दोन ग्रॅमचं असणार.

दलदलीवरून दोन फळ्यांची वाट, निसरडी.
वरून क्रौंच चालले होते दक्षिणेला,
काहीही न घेता.
त्याने मान वर करून पाहिलं. मत्सरानेच, मला वाटतं.

तळ्याकाठी पोचलो आणि पाऊस.
बदकांचं छप्पर ताणलं.
ओइवाने टोपी उतरवली, टोप काढला,
टोपातून मग काढला,
मगात हात घातला.

मगात मग होता नुसता.

त्याने तो पुन्हा पालथा केला.
ठोकला.
खिसे, बूट, माझे खिसे,
आलेली वाट पन्नास पावलं, शेवाळात बोटं खुपसत.
एवढी लहान केली मी, तो म्हणाला,
की आता ती कुठेही असू शकते.

ती एकाच ठिकाणी होती.
काट्यावर. दार ओढून घेताना मी पाहिली होती,
आकडासुद्धा अजून उजळलेला होता.
गेल्या वर्षी रात्रभर त्या चुलीपुढे बसून
माझी फक्त बोटं शेकली होती.
कुलूप लावलं. गप्प राहिले.

जमीन माझ्या मावसभावाची, ताउनोची,
वणव्याचा इशारा कधीच उठलेला.
मी म्हटलं, एक पाइन आहे मागे, उभ्याने वाळलेला.

ओइवाने फांदी वाकवली, पात ताणली,
आणि काम सुरू झाल्यावर
ग्रॅम हा शब्द तो विसरला.
भूर्जाची साल मी सोलली;
तिच्यावर कुणी पोथ्या लिहिल्या असतील, लिहोत,
ओल्या हातातही ती पेटते एवढं मला पुरे.
ओंडक्यावर ओंडका, मधे बोटभर फट,
फटीत विस्तव.
तो वर येत नाही, घाई करत नाही,
लांबच लांब पसरतो
घोट्यापासून मानेपर्यंत,
बायकांच्या पाठीला कुठे दुखतं
हे माहीत असल्यासारखा.

सॉसेज फुटलं, चरबी ठिबकली.
ओइवा बराच वेळ काही बोलला नाही.
मग बर्चचा तुकडा घेऊन चमचा कोरायला बसला.
झाल्यावर तळहातावर ठेवून पाहिला,
किती भरतो ते सांगितलं नाही.
जाडजूड होता. मगात मावत नव्हता.

परत आलो रविवारी.
काट्याची बॅटरी संपलेली, आकडा गेलेला,
वर चूल, सोळा भोकांनी आमच्याकडे बघत.
ओइवाने ती पाहिली.
मग मला.

"निघताना तुला दिसली नाही?"

मी किटली ठेवली.
"एवढीशी तर आहे," म्हटलं,
"दिसणार कशी?"