कठड्याची उंची

सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं.
ल्युब्ल्यानाच्या टेकडीवर गवत पांढरं गोठलेलं,
आणि फाटकाशी झ्देंकाबाई,
मांडीवर शिवणकामाची टेप.

साहेबांनी मला सांगितलं होतं,
येर्नेय, तूही एक व्हीलचेअर घे,
बसून फिर दिवसभर, म्हणजे कळेल.
मी टेकणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या,
"नको. तू संध्याकाळी उठशील.
उठता येणाऱ्याला खुर्चीतलं काही कळत नाही,
नुसते दंड दुखतात.
तू आपला चाल माझ्याबरोबर, आणि लिहून घे."

लिहून घेतलं.
तिकिटाची खिडकी: माझ्या छातीशी, त्यांच्या कपाळावर.
माकडांकडे जाणारी खडी: पुढची लहान चाकं आधी रुततात.
स्वच्छतागृह: आहे.
दार आत उघडतं,
म्हणजे नाही.
अस्वलाचा चढ: टेप लावली, वहीत भागाकार केला,
आठाला एक. हवा बाराला एक.
"अर्ध्यावर मागे घसरले होते," त्या म्हणाल्या,
"बटाटेवड्या विकणाऱ्याने धरलं. भला माणूस.
वड्या मात्र करपल्या."

मग लिंक्सचा पिंजरा.
"त्रेचाळीस वर्षं येतेय मी इथे.
आधी आई ढकलायची, मग भाऊ, आता ही बॅटरी.
लिंक्स कसा असतो, विचार मला.
लिंक्स म्हणजे एक आडवी लोखंडी नळी,
हिरवी, मधोमध पोपडा उडालेली.
वर दोन कान, खाली चार पंजे.
मधलं जनावर पोस्टकार्डावर पाहिलंय."

त्याच नळीवर कोपर टेकून
अकरा वर्षं मी सकाळची कॉफी पितोय.
पोपडा बहुधा माझ्याच कोपराने उडाला.
वाकलो. गुडघे कुरकुरले.
खरंच:
कान, नळी, पंजे.

हिवाळाभर बैठका झाल्या.
कुणी म्हणालं, असे लोक येतात तरी किती?
मी म्हटलं, पायऱ्या मोजून परत जाणारे
आपण कुठे मोजतो?
हे वाक्य माझं नव्हे, बाईंचं.
त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं एवढंच.

गुरुवारी नऊ ते दहा भोंगे बंद ठेवायचं ठरलं,
हात वाळवायची यंत्रंही.
पहिल्या गुरुवारी एक मुलगा आला, अल्याझ,
कानांवर जाड निळे मफ, वर स्वतःचे तळहात.
त्याने एकही प्राणी पाहिला नाही.
हत्तीच्या कुंपणाचे बोल्ट मोजले, दोनशे सोळा.
मीही नंतर मोजले, बरोबर होते.
त्याची आई बाकावर सफरचंद खात बसली होती.
म्हणाली, "आज तासभर
कुणाची माफी मागितली नाही मी."

नऊ वीसला समुद्रसिंह ओरडलाच.
त्याच्यापर्यंत परिपत्रक पोहोचलं नव्हतं.
मी धावलो, कशासाठी कोण जाणे,
त्याला गप्प करणार होतो थोडाच.
मुलाने तळहात खाली घेतले,
एक मफ जरासा उचलला,
आणि तो पुन्हा ओरडायची
वाट पाहू लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी नळी कापली.
तिथे काच बसवली, जमिनीपासून वरपर्यंत.
मी बाईंना फोन केला. त्या आल्या.
लिंक्स ओंडक्यामागे झोपला होता.
मी मांस आणतो म्हटलं, म्हणजे येईल.
"झोपू दे. मला घाई नाही.
घाई असती तर त्रेचाळीस वर्षं आले असते का?"

पाऊण तास झाला. माझी कॉफी गार झाली,
ती टेकवायला आता नळीही नव्हती.
मग तो उठला, अंग ताणलं,
काचेपाशी येऊन उभा राहिला.
रोज तो मान वर करून आमच्याकडे बघतो,
आमच्या हनुवट्यांकडे.
आज मान वर करावी लागली नाही.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
"पोट पांढरं आहे की याचं. ठिपके पण आहेत."
एवढंच.
मला वाटलं होतं, रडतील.

परतताना विचारलं, "आणि अस्वल?"
चढ अजून आठाला एकच आहे, मी म्हटलं,
निधी पुढच्या वर्षी.
त्या थांबल्या. टेप अजून मांडीवरच होती.
"झोपलंय ना अजून ते?"
हो.
"मग वही काढ.
उठायच्या आत मोजून ठेवू."