निश्चित उपपद

गेल्या साली सत्तेचाळीस पडले.
हवे होते पन्नास.

बाकी सगळं जमवून ठेवलंय:
वाऱ्याच्या एकोणीस वर्षांच्या नोंदी, दिवसाला तीन,
वाळूचे सहाशे नमुने, बाटल्यांत, चिठ्ठ्या लावून,
आणि प्राध्यापक होऊंचं पत्र, 'हिला घ्या' म्हणणारं.
तीन गुण तेवढे राहिले, इंग्रजीचे.
आणि वय त्रेचाळीस.

मिनछिनच्या केंद्रावर दहाला दिवे जातात.
मग बॅटरी कपाळाला बांधून शब्दांची पुस्तिका.
पान उलटलं की आधी वाळू सांडते, मग शब्द.
'ए'चे शब्द मला फार चांगले येतात;
दर वर्षी नव्याने सुरुवात केली की
'ए'च तर येतो पहिला.
आणि त्यातही पहिला, 'अबँडन': सोडून देणे.
छापणाऱ्याला कुणी काही बोललं कसं नाही?

रविवारी यितुंगचा फोन, वूवेइच्या वसतिगृहातून.
"आई, जीभ दातांत धर. दातांत! एवढी बाहेर नको."
मी धरते. फोनवर थुंकी उडते.
ती हसते, मग हसू आवरते,
आणि त्या आवरण्यात कळतं,
पोरगी मोठी झाली,
मी इथे वारा मोजत असताना.

माझं घोडं अडतं ते दोन चिमुकल्या शब्दांपाशी,
'अ' आणि 'द'.
आमच्या भाषेत ते नाहीतच.
त्यांच्यावाचून आम्ही लग्नं लावली, खटले चालवले,
नद्यांना बांध घातले,
कुणाचं काही अडलं नाही.
"सोपं आहे गं," यितुंग म्हणते,
"पहिल्यांदा भेटलं तर 'अ'.
ओळख झाली की 'द'."

दिवसभर दुआनबरोबर काड पुरते.
गव्हाचं काड, फावड्याने मधोमध दाबलेलं,
उतारभर मीटर-मीटरच्या चौकटी.
त्यांत वाळू थांबते.
थोडी थांबते, एवढंच म्हणू.
रिकाम्या जागा भरा, प्रश्न एकवीस ते चाळीस,
मी चौकटीत उभी राहून पुटपुटत असते,
दुआनला वाटतं, ही देवाचं काहीतरी म्हणतेय.

एकदा त्यालाच विचारलं:
पंपाच्या मागची ती टेकडी,
वसंतापासून आठ मीटर सरकली, आकार गेला, माथा गेला,
कण न् कण इकडचा तिकडे झाला.
मग ही तीच, का दुसरी?

दुआनने फावडं टेकवलं.
"माझ्या भावाची विहीर गिळली, ती?"
"ती."
"मग तीच. अंग बदललं म्हणून
ओळख विसरायची का काय?"

वहीत मी लिहून ठेवलं: दुआनचा नियम.
पुस्तकात असं कुठे सापडलं नाही.

लानचौ. मार्चचा दुसरा शनिवार.
हॉलच्या खिडक्या पिवळ्या, आकाश नाहीच.
पंचविशीची तीनशे पोरं, आणि मी.
छत्तिसावा प्रश्न:
रिकामी जागा, पुढे वारा, पुढे सुटला.
उत्तर मला येत होतं. 'अ'.
परिच्छेदात वारा पहिल्यांदाच आला होता.

पहिल्यांदाच!
काचेला तो अंग घासत होता,
फटीतून माझ्या उत्तरपत्रिकेवर
बारीक दळण सांडून गेला.
फुंकर मारली.
तीन गुण हवे होते मला.
'अ'चा गोल काळा केला,
कडेपर्यंत, नीट.

पेपर संपल्यावर सगळ्यांनी मास्क चढवले,
मान खाली घालून बसथांब्याकडे पळाले.
मी पायरीवर थांबले, उघड्या तोंडाने,
दात कचकचेपर्यंत.
मग जीभ दातांत धरली
आणि त्याला म्हणून दाखवलं.
या वेळी थुंकी उडाली नाही.