तिसरी ओळ

जुव्याच्या बेटावर, वडिलांच्या मागच्या खोलीत
कादंबरी लिहितेय मी गेली चार वर्षं.
टेबल नाही. शिवणयंत्राचं झाकण मिटून त्यावर वही.
पाय चुकून खालच्या पट्टीवर पडतो
आणि रिकामं चाक फिरत राहतं
वाक्य अडलं तरी.

आई म्हणते, देवाचं लिहितेस तर आपल्या भाषेत लिही.
मी म्हणते, शाळेत मला अक्षरं हीच मिळाली, आई.
प्रार्थना कोकणीतून येते, ओठ आपोआप हलतात,
पण शंका येते ती मराठीतून,
आणि कादंबरीला शंकाच जास्त लागते.
यावर ती भेंडी चिरायला घेते.
आमची भेंडी, सात शिरांची.

माझ्या नायकाचं नाव इनास.
खाजनाच्या बांधावर मानस सांभाळतो तो,
भरतीला आपसूक मिटणारं लाकडी दार.
मराठीत मानस म्हणजे मन.
आमच्याकडे पाण्याचं दार.
या एका शब्दासाठी पहिली पन्नास पानं लिहिली,
हे कुणाला सांगितलेलं नाही.

सातव्या प्रकरणात बांध फुटतो.
अमावास्येची भरती, भातात खारं पाणी,
इनास चिखलात गुडघे टेकतो, हात पसरतो
आणि पाणी थांबतं.
लिहिताना रडले.
रात्री पप्पांना वाचून दाखवलं.

पप्पांनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला नाही.
म्हणाले, पाणी कुठे थांबलं होतं?
मी होतो तिथे. अकरा वर्षांचा.
झावळं टाकली, पोती टाकली, सगळं वाहून गेलं.
मग मिंगेल आणि शाबलो गावडा इगर्जीत धावले
आणि कुणाला न विचारता बाक उचलून आणला,
सागवानी, डावीकडचा तिसरा,
भाटकारीण एस्कोलास्तिका बसायची तो.
भगदाडात आडवा घातला,
माणसं त्याला पाठ लावून उभी राहिली
चिखल थापून होईपर्यंत.
प्रार्थना कसली?
शिव्या होत्या, बाय. सुंदर शिव्या.
पाद्रीसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात होता.
तो काय म्हणाला ते नको लिहूस.

रविवारी मिसाला मुद्दाम लवकर गेले.
इथेच माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं,
नवऱ्याची पेटी इथूनच नेली,
आणि कधी विचारलं नव्हतं
की डावीकडे दुसऱ्या बाकानंतर एवढी जागा का.
फरशीवर चार फिकट खुणा, बाकाच्या पायांच्या.
नवा बाक कुणी आणला नाही.
उशिरा आलेले तिथे उभे राहतात,
कडेवर पोर असलेल्या बायका,
जहाजावरून सुट्टीला आलेला एखादा.
मीही उभी राहिले.
चपलेतूनही दगड गार लागला.

घरी येऊन चमत्कारावर रेघ मारली.
अडीच पानं. जीव तुटला.
त्या जागी बाक लिहिला. शिव्या लिहिल्या,
त्यातल्या निम्म्या.
इनासचे गुडघे टेकवलेच नाहीत,
पाठ टेकवली,
आणि बाकाच्या पलीकडे अख्खी खाडी.

तिथे त्याला देव भेटला का,
हे वाक्य चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं.
शेवटी तेवढी ओळ कोरी सोडून
पुढे लिहीत गेले: सकाळ, चिखल सुकणं,
भाटकारणीचं चिडणं,
भेंडीच्या वाफ्यात मिठाची पांढरी साय.

छापखान्यातला माणूस विचारेल,
बाई, इथे एक ओळ गळलीय का?
मी म्हणेन, गळली नाही.
बांधात आहे.